काळोखाला राखण हवी

मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात शहापूर तालुक्यातून जातं. तानसा १८९२ पासून हे काम करतंय, मोडकसागर १९५७ पासून, आणि एकट्या भातसातून मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा निघतो. इकडे मार्च सरला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघायची. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण शहापूरकरांना वेगळी शिकवावी लागत नाही. ते भांडण जुनं आहे, न्यायाचं आहे, आणि चालूच राहिलं पाहिजे. पण ज्या दिशेला पाणी जातं, त्याच दिशेकडून रोज रात्री काहीतरी इकडे येतं. त्याबद्दल मात्र अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

शहापूर तालुक्यातल्या आसनगावात कुठल्याही गच्चीवर चढा आणि नैर्ऋत्येला तोंड करा. कल्याण, डोंबिवली, भिवंडी आणि त्यांच्यामागची मुंबई यांच्या दिव्यांचा फिकट, पिवळट घुमट क्षितिजावर बसलेला दिसेल. आता पाठ फिरवा. ईशान्येला कसारा घाटाची रांग, पूर्वेला डोळखांबकडचा मुलूख, आग्नेयेला मुरबाडचे डोंगर. तिकडे अजून काळोख आहे. मध्य रेल्वेच्या लोकलनं पोहोचता येईल एवढ्या अंतरावर असा काळोख आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. तो राखायचा असेल तर हीच वेळ आहे. आणखी दहा वर्षांनी त्याच्यावर फक्त स्मरणलेख लिहिता येईल.

हे मी घाबरवायला म्हणत नाही. याच ठाणे जिल्ह्यात, कर्जतच्या वाटेवर, वांगणी आहे. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, त्या काळात मुंबईत खगोल मंडळ आणि कल्याणला आकाश मित्र मंडळ उभं राहिलं. आकाशदर्शनाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांसाठी शहरातली माणसं सतरंज्या आणि दुर्बिणी घेऊन वांगणीला जाऊ लागली. कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली आकाशगंगा तिथे पाहिली. मग शहरही त्याच लोकलनं मागोमाग आलं. बदलापूर फुगलं, वांगणीत इमारती उठल्या, आणि तारे बघायला जाण्याची जागा पुढे पुढे सरकत राहिली. कसाऱ्याच्या मार्गावर आज तेच होतंय. आसनगावला कित्येक लोकल संपतात, त्यामुळे घरांच्या जाहिरातीत आसनगाव ‘मुंबईच्या जवळ’ झालं. जोडीला नाशिक महामार्ग आहे, कारखाने आहेत, गोदामं आहेत. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तोही शहापूरमधूनच जातो. रस्ता नको, घरं नकोत, रोजगार नको, असं म्हणणारा मी नाही. दिवे कसे लावायचे एवढंच बोलायचं आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघू, कारण आपल्याच माणसांना त्याचा पत्ता नसतो.

आसनगावचा अक्षांश साधारण साडेएकोणीस. ध्रुवतारा कुठल्याही गावात त्या गावाच्या अक्षांशाएवढाच उंच असतो. म्हणजे आपल्याकडे तो उत्तर क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठींवर. आणि जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला वळलं, तर तिकडे जवळपास तेवढ्याच उंचीवर अगस्त्य लखलखत असतो. एका बाजूला ध्रुव, दुसऱ्या बाजूला अगस्त्य, दोघंही सारख्याच उंचीवर! ही मौज दिल्लीत नाही, लंडनला तर अगस्त्य उगवतच नाही. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू दिसतो. तो आपल्याकडे दहा अंशांच्या आसपासच येतो, म्हणून क्षितिजावरच्या उजेडाचा पहिला बळी तोच. बदलापूरच्या दिव्यांनी त्याला जवळजवळ गिळलाय.

आकाशगंगेचा सर्वांत दाट, तेजस्वी भाग धनु राशीकडे आहे. मेच्या अमावास्येला रात्री दहाच्या सुमारास तो आसनगावहून नाणेघाटाच्या बाजूला वर येऊ लागतो आणि पहाटे अडीच-तीनला दक्षिणेला ४० अंशांवर पोहोचतो. पाऊस सरला, ऑक्टोबरमध्ये आभाळ धुऊन निघालं, की तोच भाग संध्याकाळी नैर्ऋत्येला असतो, म्हणजे नेमका कल्याणच्या घुमटात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आसनगावकरांची ऑक्टोबरची आकाशगंगा कल्याणनं नेली. मेची आकाशगंगा मुरबाडनं सांभाळून ठेवलीय. मुरबाडच्या एखाद्या माळावर उद्या चार हायमास्ट उभे राहिले, तर अंधूक होईल ते आसनगावचं आकाश. हद्दीचा दगड जमिनीवर असतो. म्हणून हे आवाहन एका गावाला नाही, दोन्ही तालुक्यांना आहे.

आता फोटोंबद्दल. गेल्या काही वर्षांत कॅमेरे बरे झाले, फोनसुद्धा तिपाईवर ठेवला तर रात्रीचा फोटो काढतो, आणि शनिवारी रात्री माहुलीच्या पायथ्याला, धरणांच्या काठांवर, माळशेजच्या वाटेवर तिपाया उभ्या दिसू लागल्या. मला त्याचा आनंदच आहे. माहुली आसनगावच्या वायव्येला, ध्रुव त्याच्या जरा उजवीकडे. रुंद कोनाची लेन्स लावून तासभर छोटे छोटे फोटो घेत राहिलं आणि ते जोडले, की सुळक्यांच्या वर ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा उमटतात. आकाशगंगेसाठी वेगळा हिशोब: छिद्र मोठं, आयएसओ तीन हजारांच्या पुढे, वीस सेकंदांपर्यंत उघडझाप, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्यानं ताऱ्याची रेघ होते. हे सगळं शिकवणारे आता पुष्कळ आहेत.

पण या फोटोंनी आपलं एक नुकसानही केलंय. डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा वीस सेकंद साठवतो. शिवाय घरी आल्यावर संगणकावर तो नारिंगी घुमट पुसता येतो, रंग थंड करता येतो, काळोख गडद करता येतो. मग फोटो बघून कुणालाही वाटतं, आसनगावचं आकाश काय सुंदर आहे, कसली काळजी! जखम झाकून काढलेला फोटो कौतुक मिळवतो, पण साक्ष देत नाही. माझं छायाचित्रकारांना पहिलं मागणं हेच आहे. वर्षातून एकदा, जानेवारीच्या अमावास्येला, एकाच जागेवरून, त्याच लेन्सनं, त्याच आकड्यांवर, नैर्ऋत्येकडे तोंड करून एक फोटो घ्या. त्याला हात लावू नका. तारीख, वेळ, जागा लिहा आणि छापील प्रत ग्रामपंचायतीच्या कचेरीत द्या. पाच वर्षांत पाच फोटो भिंतीवर लागले, तर त्यांच्यापुढे कुठलंही भाषण लागणार नाही. सुंदर फोटो काढायचेच, पण या भूमीचं एवढं देणं लागता, हा एक कुरूप फोटोही काढा.

(उपग्रहांच्या रांगा फोटोत येतात म्हणून बरेच जण वैतागतात. वैतागा. पण त्यावर ग्रामसभेचा ठराव चालत नाही. चौकातल्या दिव्यावर चालतो.)

चौकातल्या दिव्याशी आलोच आहोत, तर तिथे थांबू. शहराचा घुमट आपण बंद करू शकत नाही. आपल्या आकाशावर रोज भर पडतेय ती मात्र आपल्याच दिव्यांची. गावात हायमास्ट आला की विकास आला असं समजायची पद्धत पडलीय. निधीतून खांब येतो, खांबावर नावाची पाटी येते, उद्घाटनाला नारळ फुटतो. त्या उंच खांबावरचे पांढरेफेक एलईडी दिवे थोडा उजेड चौकात पाडतात आणि उरलेला आजूबाजूच्या शेतात, लोकांच्या खिडक्यांत आणि सरळ आभाळात टाकतात. फुटक्या हंड्यानं पाणी भरावं तसा हा प्रकार आहे, आणि हंड्याचं मोल ज्या तालुक्याला कळतं त्याला तरी हे पटायला हवं. पांढऱ्या दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश ज्या कारणानं निळं दिसतं, त्याच कारणानं रात्री पांढऱ्या दिव्यांनी ते धुरकट होतं. पिवळसर दिव्यानं ते पुष्कळ कमी होतं.

पैशाचंही बोलू. रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं थकली म्हणून २०२१ मध्ये राज्यात कितीतरी गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली होती. ज्या पंचायतीला बिल परवडत नाही, तिनं ढगांना उजेड का दाखवावा?

इथे गावातून पहिला प्रश्न येतो तो अगदी खरा आहे. रात्री घोणस पायाखाली आली तर? मण्यार अंथरुणात शिरते ती अंधारातच. बिबट्या फिरतो. बाई कारखान्याची दुसरी पाळी संपवून स्टेशनवरून चालत येते, तिला अंधाऱ्या वाटेनं जायला सांगणार का? नाही, मुळीच नाही. भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास वीज नसायची आणि आकाश काय दिसायचं म्हणून गहिवरणारे काही शहरी लोक मी ऐकलेत. त्या रात्री चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेल्या मुलांपुढे त्यांनी हे बोलून दाखवावं. पायवाटेवर उजेड पाहिजे, विहिरीवर पाहिजे, स्टेशनच्या रस्त्यावर पाहिजे, दवाखान्याच्या दारात पाहिजे. पण साप दिसायला उजेड जमिनीवर पडावा लागतो, आणि उघडा, भगभगीत दिवा डोळ्यांत गेला की त्याच्या पलीकडचा कोपरा आणखी काळा होतो. वरून पत्र्याची टोपी घातलेला, खाली तोंड केलेला, कमी वॅटचा पिवळसर दिवा वाट जास्त चांगली दाखवतो. ताऱ्यांचं आणि त्या बाईचं हित इथे एकच आहे.

बिबट्याचं म्हणाल, तर रात्रीच्या या वाटा त्याच्याही आहेत. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक नर बिबट्या वाचवून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो रात्री-रात्री चालत, महामार्ग ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्याचं नाव ‘आजोबा’. पुढे त्याच्यावर याच नावाचा सिनेमाही आला. माणसाच्या नजरेआड राहून तो एवढा पल्ला गाठू शकला, कारण वाटेत काळोखाचे पट्टे शिल्लक होते. काजव्यांचंही तसंच. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याच्या झाडांवर ते लुकलुकतात, ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. नराचा इशारा मादीला दिसला नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी. झाडाखाली गाडीचे दिवे चालू ठेवून काजवे बघणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

जगाचा आकडा एकच देतो, कारण तो डोळ्यांनीच मोजलेला आहे. २०११ ते २०२२ या काळात हजारो सामान्य लोकांनी आपापल्या गावातून तारे मोजले. त्यातली बरीचशी माणसं युरोप-अमेरिकेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत गेला. जन्माच्या वेळी जिथे २५० तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत १०० उरतील, असा त्याचा हिशोब. महामार्ग आणि नव्या वसाहती ज्या वेगानं आल्या, तो बघता शहापूर यापेक्षा सावकाश जाईल असं मानायला मला कारण दिसत नाही.

उपाय मात्र अवघड नाहीत, आणि ते करून दाखवणारे आपल्याच राज्यात आहेत. नागपूरकडचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. जंगल होतं म्हणून ते आपोआप झालं, असं समजू नका. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. तिथे आता लोक तारे बघायला येतात आणि पैसे देऊन राहतात. लडाखमधल्या हानलेलाही आकाश राखलं गेलं, पण तिथे मोठी वेधशाळा होती, तिची गरज होती. आपल्याकडे वेधशाळा नाही, म्हणून मला पेंचची गावं जवळची वाटतात.

आणि अमेरिकेतलं फ्लॅगस्टाफ. जाहिरातीसाठी आभाळात झोत फिरवणाऱ्या दिव्यांवर त्या शहरानं १९५८ मध्येच नियम करून बंदी घातली. आपल्याकडे लग्नाच्या हळदीला आणि मिरवणुकीत डीजेबरोबर जे ‘शार्पी’ दिव्यांचे झोत आभाळात भोसकले जातात, ते बघितले की १९५८ हे साल भूतकाळातलं वाटत नाही. हळदीला नाचा, हवं तितकं नाचा, झोत तेवढा मांडवावर वळवा.

प्रकाशाच्या प्रदूषणावर आपल्याकडे ध्वनिप्रदूषणासारखा वेगळा कायदा नाही. त्याची वाट बघत बसलो तर आभाळ जाईल. पण शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधली काही गावंही आहेत, आणि पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला दिलेलं वजन इतर ठिकाणी नाही. ग्रामसभेनं मनावर घेतलं तर काय होतं, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये दाखवलं. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद. कुणाला दंड नाही, पोलीस नाही. टीव्ही बंद करायला तयार होणारं गाव महाराष्ट्रात असेल, तर दिव्याला टोपी घालणारं का नसावं?

तेव्हा शहापूर आणि मुरबाडच्या ग्रामसभांनी, दोन्ही नगरपंचायतींनी हे ठरवावं. नवा पथदिवा बसेल तो वरून झाकलेला आणि पिवळसर, ३००० केल्विनच्या आतला. खोक्यावर तो आकडा छापलेला असतो, वायरमनला दाखवला की पुरे. हायमास्टची मागणी करण्याआधी त्याच पैशात झाकलेले छोटे दिवे किती पाड्यांवर लागतील, ते सभेत मांडावं. जुन्या दिव्यांना पत्र्याची टोपी गावातलाच वेल्डर करून देईल. रात्री अकरानंतर मंदिराच्या कळसावरचे, दुकानाच्या पाटीवरचे, रिकाम्या मैदानातले दिवे बंद. कारखान्याला आणि गोदामाला बांधकामाचा ना-हरकत दाखला देताना कुंपणावरच्या झोतांचं तोंड कुठे असेल, हे लिहून घ्यावं. सेकंड होमवाल्यांनो, तुम्ही महिन्यातून दोनदा येता. बंगल्याभोवतीचे दिवे तीस रात्री जळतात. तेवढं बघा. कॅम्पवाल्यांनो, ‘ताऱ्यांखाली रात्र’ विकता आणि झाडाझाडाला एलईडीच्या माळा गुंडाळता. गिऱ्हाईक अजून तक्रार करत नाही, कारण त्यानं खरं आकाश पाहिलेलं नाही.

शाळांचं काम सर्वांत सोपं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. मृग आपल्याला ठाऊक तो पावसाचा. ७-८ जूनला सूर्य त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे त्याचे तारे तेव्हा दिसतच नाहीत. आकाशातला मृग बघायचा तो जानेवारीत, रात्री नऊला, जवळपास डोक्यावर. त्याच्या चार कोपऱ्यांच्या आत किती तारे दिसतात आणि कृत्तिकेत किती, एवढं प्रत्येक वाडीवरच्या मुलांनी अमावास्येला मोजून वहीत लिहावं. गुरुजींनी त्याचा तक्ता करावा. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी आजीकडून आकाशाच्या गोष्टी लिहून आणाव्यात. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर, ही गोष्ट विदर्भातल्या गोंडांकडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी टिपून घेतली, अभ्यासली. आपल्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला आपल्याच शाळेतली पोरं जवळ आहेत. तारे दिसेनासे झाले की या गोष्टी सांगायला बोट दाखवण्याची जागाच उरत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारीला असतेच. हिवाळ्याचं आभाळ तेव्हा निवळ असतं. सभा सकाळी भरते, म्हणून त्याआधीच्या एखाद्या रात्री सरपंचांना, सदस्यांना आणि वायरमनला शाळेच्या मैदानात बोलवा, मैदानाचा दिवा वीस मिनिटं बंद करा आणि डोळे सरावले की अगस्त्य दाखवा. विषयपत्रिकेवर विषय यायचा तर लेखी अर्ज आधी द्यावा लागतो. अर्जात लांबलचक काही नको: ‘गावातील सार्वजनिक दिवे झाकणे, त्यांचा रंग व वेळ ठरविणे’ एवढा मजकूर, खाली पंधरा-वीस सह्या. त्यातल्या निम्म्या बायकांच्या असल्या तर फार बरं, कारण कुठली वाट खरंच अंधारी आहे आणि कुठला दिवा नुसताच जळतो, हे त्यांना सर्वांत नेमकं माहीत असतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.